ओवाळणी आणि हक्कसोड

शासन निर्णयाच्या मराठीवर हळवेपणाचा आरोप आजवर कोणी केलेला नाही. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘विहित नमुन्यात’, ‘अनुज्ञेय’ अशा शब्दांनी विणलेल्या त्या भाषेत माणूस ‘अर्जदार’ असतो, फार तर ‘पात्र व्यक्ती’. १९८० साली निराधारांसाठी सुरू झालेल्या योजनेचे नाव ‘संजय गांधी निराधार अनुदान योजना’ असे होते. नावात पुढाऱ्याचे स्मरण होते, पण मदत घेणाऱ्याशी शासनाने नाते जोडले नव्हते. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला पुढे श्रावणबाळाचे नाव मिळाले, तेव्हा शासन पुराणातला मुलगा झाले. तरी निवृत्तिवेतन घेणाऱ्याला कोणी ‘माझी आई’ म्हटले नाही. २८ जून २०२४ रोजी, विधानसभेच्या निवडणुकीला पाच महिने उरले असताना, राज्याच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण योजना’ जाहीर झाली. एक पद, एक सर्वनाम, एक विशेषण आणि एक नाते. यातली ‘माझी’ म्हणजे कोणाची, ही केवळ व्याकरणातली शंका नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सत्तेतल्या एका घटक पक्षाच्या जाहिरातींतून ‘मुख्यमंत्री’ हा शब्द गळाला, तेव्हा मंत्रिमंडळातच त्यावरून वादंग झाले.

शब्दांवर पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींना या नावापाशी थांबणे भाग आहे. निवडणुकीच्या तोंडावर सरकारी तिजोरीतून वाटलेल्या पैशाने मते मिळतात का, हा प्रश्न गेली दोन-तीन वर्षे सर्वत्र विचारला जातो, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. आमच्या मते त्याच्या आड लपलेला दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे : अशा खर्चाने नागरिकाचे राज्याशी असलेले नाते कोणते ठरते? त्या प्रश्नाचे उत्तर मात्र या नावातच लिहिलेले आहे.

आधी घटनाक्रम पाहू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या. एक अपक्ष निवडून आला. निकाल ४ जूनचा. चोवीस दिवसांनी योजना जाहीर झाली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असलेल्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये, वर्षाला सुमारे ४६ हजार कोटींचा अंदाजित खर्च. अर्ज भरून घेण्यासाठी अंगणवाडी सेविकांना अर्जामागे पन्नास रुपये ठरले. जुलै आणि ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये रक्षाबंधनाच्या सुमारास खात्यांत जमा झाले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते, आचारसंहिता लागण्यापूर्वी, एकत्रच देण्यात आले. सव्वादोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांत पैसे पोचले होते. २० नोव्हेंबरला मतदान झाले आणि २३ तारखेला २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मुख्य पक्षांच्या पदरात पडल्या. स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण २०१९ मध्ये सुमारे ५९ टक्के होते, ते ६५ टक्क्यांवर गेले. पुरुषांचेही वाढले, पण तुलनेने कमी.

एवढे आकडे शेजारी शेजारी मांडले की निष्कर्ष आपोआप निघाल्यासारखा वाटतो. पण तो इतक्या सहज काढू नये. लोकसभेला जागांमध्ये मोठे अंतर पडले असले, तरी दोन्ही आघाड्यांच्या मतांच्या टक्केवारीत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता. म्हणजे पारडे फिरायला फार मोठे वजन लागणार नव्हते. शिवाय पैशाचे आश्वासन एकाच बाजूने दिलेले नव्हते. महायुतीने २१०० रुपयांचे वचन दिले, तर महाविकास आघाडीने ‘महालक्ष्मी’ नावाने ३००० रुपयांचे. केवळ बोलीवर मते विकली जात असती, तर जास्त बोली लावणारा हरला नसता.

त्याच दिवशी झारखंडचाही निकाल लागला. तिथे सत्तेवर असलेल्या हेमंत सोरेन यांच्या सरकारने ऑगस्टपासून ‘मंईयां सन्मान’ योजनेत स्त्रियांना हजार रुपये द्यायला सुरुवात केली होती. विरोधातल्या भाजपने ‘गोगो दीदी’ योजनेत २१०० रुपये देऊ केले. ८१ पैकी ५६ जागा सोरेन यांच्या आघाडीला मिळाल्या. महाराष्ट्रात आणि झारखंडात जिंकणारे पक्ष एकमेकांचे विरोधक होते. दोघांत समान होते ते एवढेच की ज्यांनी आधीच पैसे दिले होते ते जिंकले आणि ज्यांनी नुसते कबूल केले ते हरले. मतदार वचनापेक्षा अनुभवावर विसंबतो, असा याचा अर्थ लावता येईल. पण हा नियम ठरवू जावे, तर दक्षिणेकडची दोन राज्ये आडवी येतात. तेलंगणात चंद्रशेखर राव यांनी २०१८ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांसाठी ‘रयतु बंधू’ सुरू केली आणि डिसेंबरात ११९ पैकी ८८ जागा जिंकल्या. तीच योजना चालू असताना, तिच्या जोडीला ‘दलित बंधू’ आलेली असताना, २०२३ साली त्यांच्या पक्षाला ३९ जागा मिळाल्या. आंध्र प्रदेशात जगनमोहन रेड्डी यांच्या सरकारने पाच वर्षांत थेट खात्यांत जमा केलेल्या रकमेची बेरीज अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात जाते. २०२४ मध्ये त्यांच्या पक्षाला १७५ पैकी ११ जागा मिळाल्या. पैसे मिळाल्याची कृतज्ञता असते, पण तिलाही मुदत असते, आणि दुसरा राग त्याहून मोठा असेल तर ती कामी येत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी या विषयाचा पुष्कळ विचार केला आहे. सत्ताधारी पक्ष पैसा आपल्या हक्काच्या मतदारांकडे वळवतो की काठावरच्या मतदारांकडे, यावर त्यांच्यात जुना वाद आहे. उरुग्वेतल्या एका आर्थिक मदत योजनेचा अभ्यास असे सांगतो की, पात्रतेच्या रेषेच्या किंचित अलीकडच्या आणि किंचित पलीकडच्या कुटुंबांची तुलना केली, तर मदत मिळालेल्यांत सरकारला अनुकूल असणाऱ्यांचे प्रमाण ११ ते १३ टक्क्यांच्या अंतराने अधिक होते. तेव्हा पैशाचा परिणाम होतच नाही असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल. आपल्या देशापुरता सर्वांत बोलका अभ्यास शॉन कोल यांचा आहे. १९९० च्या दशकातल्या भारतीय बँकांच्या आकडेवारीवरून त्यांनी दाखवले की निवडणुकीच्या वर्षात सरकारी बँकांच्या शेतीकर्जाची वाढ पाच ते दहा टक्क्यांनी अधिक होते, आणि जिथे लढत अटीतटीची, त्या जिल्ह्यांत ती विशेष दिसते. खाजगी बँकांत असे काही घडत नाही. या वाढीव कर्जाने शेतीचे उत्पादन वाढल्याचा मात्र काही पुरावा सापडत नाही.

आम्हाला या शेवटच्या वाक्यात अधिक रस आहे. निवडणुकीसाठी केलेला खर्च मतांच्या दृष्टीने फळतो की नाही हे अनिश्चित. पण तो ज्याच्या नावाने केला त्याचे काम करतो की नाही, हे निवडणूक संपल्यावर कोणी विचारत नाही. कारण त्याच्या वेळापत्रकात शेतकऱ्याचा हंगाम नसतो, मतदानाची तारीख असते.

इथे आमच्याच वर्गाकडे वळणे प्राप्त आहे. प्राध्यापकांच्या खोलीत, साहित्य संमेलनाच्या मांडवात, व्याख्यानमालेनंतरच्या चहापानात गेली दोन वर्षे एक सूर वारंवार ऐकू येतो : ‘आमच्या कराच्या पैशावर बायका मत विकतात.’ २०२२ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी उत्तर प्रदेशातल्या एका भाषणात ‘रेवडी’ हा शब्द वापरला आणि तो मराठीतही रुळला. गंमत अशी की मराठीत रेवडी वाटण्यापेक्षा ती ‘उडवण्या’चीच अधिक सवय, एखाद्याची रेवडी उडवणे म्हणजे चारचौघांत त्याची फजिती करणे. हिंदीतली रेवडी मराठीत येताना हा अर्थही नकळत बरोबर घेऊन आली. पैसे वाटणाऱ्याला झोडपावे म्हणून उचललेल्या शब्दाने प्रत्यक्षात फजिती घेणाऱ्याची होते.

याच आमच्या वर्गाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे लाडक्या बहिणींच्या पहिल्या हप्त्याच्याच महिन्यात, राज्य मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजनेला मान्यता दिली. २०२५ च्या ५ फेब्रुवारीला दिल्लीत विधानसभेचे मतदान होते. १६ जानेवारीला आठव्या वेतन आयोगाला मंजुरी मिळाली आणि १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न नव्या करप्रणालीत प्राप्तिकरातून मोकळे झाले. याला रेवडी कोणी म्हटले नाही. निवृत्तिवेतन हा ‘हक्क’, करसवलत हा ‘दिलासा’, आणि दीड हजार रुपये मात्र ‘खिरापत’! हे भेद अर्थशास्त्राने केलेले नाहीत, ते आमच्या भाषेने केलेले आहेत. पैसे कोणाच्या हातात पडतात हे पाहून आम्ही शब्द निवडतो. दीड हजारांत गॅसचा सिलिंडर येतो, मुलीचे बसभाडे सुटते, दुकानदाराची जुनी उधारी फिटते. नवऱ्यापुढे हात न पसरता हे करता येणे किती मोलाचे, ते ज्यांनी हात पसरला आहे त्यांनाच ठाऊक. ज्या कामाचा पगार तिला कधी मिळाला नाही ते काम ती रोज करते, हेही विसरू नये. तेव्हा पैसे घेणाऱ्या स्त्रीविषयी आमची काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती देणाऱ्याने जोडलेल्या नात्याविषयी.

बहीण आणि ओवाळणी या जोडीला मराठी समाजात एक दुसरी, फारशी न बोलली जाणारी बाजू आहे. ओवाळणीचा आकडा बहीण ठरवत नाही. ती मागायची नसते, मोजायची नसते, कमी पडली म्हणून बोलायचे नसते. ताटात पडेल ते तिचे. आणि याच घरात, वडील गेल्यानंतर, तलाठ्याकडे वारसनोंदीचे काम निघते तेव्हा त्याच बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने वाटा दिला. तरीही असंख्य बहिणी आजही त्या कागदावर सही करतात. कोणी जबरदस्ती केलेली नसते. माहेर तुटू नये, दिवाळीला भावाने न्यायला यावे, भाऊबिजेचे ताट रिकामे राहू नये, एवढ्यासाठी ती सही होते. जी बहीण वाटा मागते तिचे लाड संपतात. ‘लाडकी’ हे विशेषण त्या सहीचे बक्षीस आहे, असे कोणी म्हटले तर ते कठोर वाटेल, पण खोटे ठरणार नाही.

राज्याने नागरिकाशी बोलण्यासाठी नेमके हेच नाते निवडावे, हा आम्हाला योगायोग वाटत नाही. भाऊ ओवाळणी स्वतःच्या कमाईतून घालतो. इथे ताटात पडणारा पैसा त्या बहिणीनेही भरलेला असतो, कारण तिखटापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत ज्या वस्तूंवर ती कर देते त्या करात तिचा वाटा आहे. पण ओवाळणी म्हटले की हिशेब मागण्याची सोय राहत नाही. कोणी मागितलाच, तर तो बहीणभावाच्या प्रेमात विष कालवणारा ठरतो.

निवडणुकीनंतर काय झाले ते पाहिले म्हणजे या नात्याचा व्यवहार कळतो. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० रुपयांचा उल्लेख आला नाही आणि तरतूद ३६ हजार कोटींची झाली. शेतकरी सन्मान योजनांचे महिना हजार रुपये ज्यांच्या खात्यांत जमा होत होते, त्या सुमारे पावणेआठ लाख स्त्रियांना फक्त ५०० रुपये मिळत असल्याचे स्पष्ट झाले. त्याच वर्षी मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच आपल्या खात्याचे चारशे कोटींहून अधिक रुपये या योजनेकडे वळवल्याची जाहीर तक्रार केली. म्हणजे एका बहिणीची ओवाळणी दुसऱ्या बहिणीच्या मुलांच्या वसतिगृहांच्या आणि शिष्यवृत्त्यांच्या खात्यातून आली. मग छाननी निघाली. २६ लाखांहून अधिक खात्यांचे पैसे जून २०२५ पासून थांबवण्यात आले. चौदा हजारांवर पुरुष या योजनेचे पैसे घेत असल्याचेही उघड झाले. सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली, आणि तीत स्त्रीबरोबर तिच्या पतीचे किंवा वडिलांचे आधारही पडताळणीसाठी मागितले गेले. विधवा, परित्यक्ता, वडील नसलेल्या स्त्रिया यांची त्यात झालेली तारांबळ वर्तमानपत्रांत आली. मतदानापूर्वी कोणी कागद बारकाईने पाहिले नाहीत. मतदानानंतर बहिणीला आपली ओळख पटवायला घरातला पुरुष आणावा लागला.

हे एका पक्षाचे पाप नव्हे. २००४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली होती. निवडणूक जिंकल्यावर, २००५ मध्ये, ती मागे घेण्यात आली. २०१७ साली फडणवीस सरकारच्या जाहिरातींत ‘मी लाभार्थी’ असे म्हणणारी माणसे झळकली. त्या शब्दाची फोड करून पाहावी. ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा, मागणारा. विद्या मागतो तो विद्यार्थी, शरण मागतो तो शरणार्थी. राज्यघटनेने ज्याला नागरिक म्हटले तो जाहिरातीत याचक होऊन उभा राहिला, आणि तेही ‘मी’ म्हणून अभिमानाने. लाभार्थीपासून लाडक्या बहिणीपर्यंतचा प्रवास हा याचनेकडून लाडाकडे झालेला प्रवास आहे. हक्काचे गाव वाटेत लागलेच नाही.

ते गाव महाराष्ट्राला अनोळखी होते असे मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळात याच राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यामागे विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा विचार होता. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असे त्याचे सूत्र होते. खडी फोडायला आणि माती वाहायला येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांना कोणी लाडक्या म्हटले नाही. हजेरीपटावर त्यांचे नाव असे आणि मजुरी थकली तर तहसील कचेरीवर मोर्चा नेता येई. मोर्चा नेणाऱ्या मजुरावर कृतघ्नतेचा आरोप करता येत नव्हता, कारण ती कायद्याने ठरलेली देणी मागत होती. या योजनेसाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. आपल्या पगारपत्रकावर आजही दिसणारी दोनशे रुपयांची ती वजावट तेव्हाची आहे. शहराने खेड्याच्या मजुरीचा भार उचलायचा, असा तो जाहीर करार होता. रोजगार हमीत भ्रष्टाचार झाला, कामे निकृष्ट झाली, हे खरेच. पण तिच्यातून देशाचा २००५ चा रोजगार हमी कायदा जन्मला. त्याची जागा २०२५ च्या डिसेंबरात दुसऱ्या कायद्याने घेतली, त्यासाठीसुद्धा सरकारला संसदेत विधेयक आणून, विरोधकांचा भडिमार सोसून ते मंजूर करून घ्यावे लागले. ओवाळणी आटवायला एखादे परिपत्रक पुरते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. हक्क आकाशातून पडत नाहीत. त्यांतले पुष्कळसे निवडणुकीच्या स्पर्धेतूनच जन्मतात. एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ साली तामिळनाडूत शाळकरी मुलांच्या पोषक आहाराची योजना विस्तारली तेव्हा तीही लोकानुनय म्हणून हिणवली गेली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि एकेकाळची खिरापत देशभरच्या मुलांचा हक्क झाली. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. हेतू शुद्ध नव्हता म्हणून योजना वाईट ठरत नाही, आणि मतांसाठी केलेले कामही लोकांच्या उपयोगी पडू शकते. लोकशाहीत राजकारणी मतांचा विचार करतात यात लाज वाटण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच, की दिलेले दान कायम राहील अशी तजवीज पुढे होते की नाही. तामिळनाडूत ते सरकारे बदलली तरी टिकले; पुढे त्याला न्यायालयाच्या आदेशाचा आधार मिळाला, आणि ताट ‘कोणी दिले’ हे मुलांना आठवेनासे झाले. देणाऱ्याचे नाव विसरले जाणे ही दानाचा हक्क झाल्याची खूण आहे. आपल्याकडे मात्र प्रत्येक हप्त्यागणिक देणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र पुन्हा ठसवले जाते.

म्हणून आमचे म्हणणे योजना बंद करा असे नाही. तिला कायद्याचे रूप द्या, असे आहे. रक्कम किती, ती महागाईप्रमाणे कशी वाढेल, पात्रता कोण ठरवील, नाव वगळले तर दाद कोणाकडे मागायची, पैसा कोणत्या करातून येईल आणि कोणत्या खात्याला हात लागणार नाही, हे विधिमंडळात चर्चा होऊन ठरावे. हप्त्याची तारीख रक्षाबंधनाशी किंवा आचारसंहितेशी बांधलेली नसावी. पगार महिन्याच्या ठरलेल्या दिवशी होतो, तसाच हाही व्हावा. असे झाले तर ही योजना पुढल्या निवडणुकीत कोणाच्याही कामाची राहणार नाही, आणि नेमके त्याच कारणासाठी ती होऊ दिली जाणार नाही, अशी शंका आम्हाला आहे. सत्तेतल्यांप्रमाणे विरोधकांनीही अद्याप ही मागणी नेटाने लावून धरलेली नाही. ते तीन हजारांच्या बोलीपलीकडे गेले नाहीत.

तोवर भाषेच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे एक काम आहे. ‘फुकट्या’ हा शब्द आपल्या तोंडून जाऊ द्यावा, आणि ‘लाडकी’ हा शब्द कानावर पडला की हक्कसोडपत्राची आठवण ठेवावी. राज्य हे कोणाचा भाऊ नाही. त्याच्याकडे असलेली मिळकत सामाईक आहे, आणि बहिणीचे नाव तिच्या सातबाऱ्यावर आधीपासून आहे. ओवाळणी तिने जरूर घ्यावी. सही मात्र करू नये.